कुटुंबातली एक जागा

मेणात नुकताच बसवलेला तो दात, वरचा, सुळ्याशेजारचा, जरा तिरका दिसत होता. त्यानं तो चिमट्यानं हलकेच दाबला, आणि तेवढ्यात टेबलावरच्या प्लास्टरच्या भुकटीत पडलेला मोबाइल पुन्हा थरथरला. भुंगाच असणार. दुसरं कोण.

"एवढं कोण मागं लागलंय?" कवळ्यांना पॉलिश करणाऱ्या मावशींनी मशीन न थांबवता विचारलं. "लग्न जमतंय का काय?"

"भिकारी आहे एक."

"मग दे काहीतरी आणि घालव."

दे काहीतरी... ओळख ना पाळख, तोंड कधी पाहिलेलं नाही, नुसतं खेळातलं नाव — भुंगा — आणि मागतोय काय, तर घरात जागा. कारण गेमच्या त्या खात्यात त्याला कुटुंबच म्हणतात: विकत घेतलेले सगळे गेम आपण खेळायचे आणि कुटुंबातल्या आणखी एकानं, एकानंच, आणि ती जागा दादाची. गेल्या महिन्यात दादा गेला. खेळणाऱ्यांच्या गटावर त्यानं एका ओळीत कळवलं, जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली, आणि रांग संपायच्या आत एकेक जण मागच्या दारानं, खासगी मेसेजमधून, आत — तुझ्याकडे तो शर्यतीचा गेम आहे ना रे, आम्हाला परवडत नाही रे, तू भावासारखा रे. भावासारखा म्हणे. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी अवलाद. त्याला खरोखरच किळस आली. दादाचं नाव काढल्याशिवाय दुसऱ्याचं घालता येत नाही, आणि नाव काढलं की दादाचा डावही पुसला जाणार... गेममधलं ते बंदर, आजारपणात उशीला टेकून बांधत आणलेलं, एक धक्का पुरा, एक अर्धा, बोटी बाहेर खोळंबलेल्या. आणि ह्यांना गाड्या पळवायच्यात.

त्यानं हात पुसले. आज एकदाच सुनवायचं, सात पिढ्या आठवतील असं. मोबाइल उघडला.

'जागा रिकामीच आहे ना. सडवतोस कशाला. दादा असता तर त्यानं लगेच दिली असती,' भुंग्यानं लिहिलं होतं. आणि खाली, गळ टाकावा तसं, 'शेवटी शेवटी रोज दुपारी आम्ही दोघंच ऑनलाइन असायचो, बोलत. फार दुखायला लागलं की गाणं म्हणायचा, बेसूर. तुला सांगू नको म्हणायचा.'

मावशींचं मशीन थांबलं होतं.

दुपारी तो स्वतः इथं असायचा, ह्याच स्टुलावर, परक्यांच्या तोंडांची मापं बघत, आणि संध्याकाळी घरी गेला की दादा म्हणायचा, आज बरं वाटलं रे... दादा गायचा? घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं. खोटं असेल. हे हलकट एका जागेपायी मेलेल्यालाही गायला लावतील. पण कुठलं गाणं?

त्यानं शिवी लिहिली. पुसली. दुसरं लिहिलं, मऊ, लाचार, अगदी त्यांच्यासारखं — 'कुठलं गाणं म्हणायचा, सांगशील का रे?' — आणि अंगठा तसाच अधांतरी ठेवून बसला. किळस होतीच, पण तिच्याखाली, तिला न जुमानता, त्याचं मन हिशेब मांडायला लागलं होतं की त्या गाण्याच्या बदल्यात काय काय सोडता येईल.