बेरीज तर चांगली होती!

चष्म्याच्या दुकानदाराने प्रवेश परीक्षेच्या निकालाचा कागद खिडकीतून तिसऱ्यांदा आत सरकवला. त्याची मुलगी मागे उभी होती.

"मॅडम, एकूण गुण बघा ना! यादीतल्या कितीतरी पोरांपेक्षा जास्त आहेत."

मॅनेजमेंट कॉलेजच्या प्रवेश कार्यालयातल्या बाईंनी कागद पुन्हा पाहिला. गणिताचे गुण डोळे दिपवणारे होते. भाषेत मात्र मुलगी किमान गुणांपेक्षाही चारने खाली होती.

"एकूण छानच आहेत हो. पण आमच्याकडे प्रत्येक विभागात ठरावीक गुण लागतात. एकात कमी पडलं की नाव पुढे जात नाही."

"मग गणितातले चार तिकडे धरा की!"

बाईंना हसू आलं. "तुम्ही दोन डोळ्यांच्या नंबरांची बेरीज करता आणि निम्मी निम्मी वाटून चष्मा देता का?"

"छे! माणूस जिन्यावरून पडेल."

"तेच म्हणते मी. उद्या हिच्या हाताखाली माणसं असतील. हिशेब चोख, पण समोरच्याने काय लिहिलंय ते कळत नाही, असं कसं चालेल?" बाई मुलीकडे वळल्या. "तुला काय अवघड गेलं गं?"

"तिला ना, ते उतारे—"

"तिला विचारलंय मी."

मुलीने सवयीने बापाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "उतारे वाचून संपलेच नाहीत. वाचायची सवयच राहिली नाही."

दुकानदाराला एकदम आठवलं. ती पाचवीत असताना तिचं वाचनालयाचं कार्ड त्यानेच दुकानाच्या खणात टाकलं होतं. 'गोष्टी वाचून कुणाचं भलं झालंय? गणितात डोकं चालतंय ना, तेच चालव!' पाहुणे आले की तो तिला गुणाकार करायला लावायचा. दुसरं काही विचारलं, तर उत्तर स्वतःच द्यायचा. घरात तिचं नाव पडलं होतं कॅल्क्युलेटर. कॅल्क्युलेटरला कोण कशाला बोलतं करेल!

"दोन वर्षं घरी बसून अभ्यास केलाय हो तिने," तो अजिजीने म्हणाला.

"माझ्या हातात काही नाही," बाई म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं.

दुकानात परतल्यावर त्याने खण उपसला. जुन्या फ्रेमांखाली कार्ड सापडलं. मुदत कधीच संपली होती. त्याने वर्तमानपत्र मुलीपुढे ठेवलं.

"वाच गं. मला ऐकव."

तिसऱ्या ओळीत ती अडखळली. शब्द दुकानदाराच्या ओठांवर आला होता, पण त्याने तो गिळला. ती थांबली, पुन्हा मागे गेली, आणि तिचा तिलाच तो शब्द सापडला!

मंडळी, मुलाची एक हुशारी दिसली की आपण हुरळून जातो आणि बाकीचं मूल विसरतो. टाळ्या आपल्याला मिळतात, भोगावं लागतं त्याला. म्हणून त्याची दुबळी बाजूही वेळीच बघा, आणि त्याला बोलू द्या.

दुकानदाराला हे कळलं. पण तोवर यादी लागून गेली होती.