खूण असलेले एकच झाड

मित्रांनो, तुम्ही मला पाहाल तर वाळका ओंडका म्हणाल. पण मी मधमाश्यांचे घर आहे. आता जुना झालो आहे आणि चार वर्षांपासून रिकामा आहे. केनियात, कितुईकडच्या एका माळावर, बाभळीच्या फांदीला मी टांगलेला असतो.

मला म्बुवीने घडवले. वादळात पडलेल्या झाडाचा तुकडा त्याने सहा दिवस पोखरला, दोन्ही तोंडांना लाकडी झाकणे बसवली आणि तापलेल्या सळीने माझ्या पाठीवर घराण्याची खूण डागली : दोन बाण आणि एक आडवी रेघ. अशी खूण असलेला ओंडका ज्या झाडावर असतो, त्या झाडाला आमच्याकडे कोणी हात लावत नाही.

पाऊस झाला, माळ फुलला आणि माश्या आल्या. वीस वर्षे मी भरलेला होतो. म्बुवी धूर देऊन मध काढी, पण अर्धा माश्यांसाठी ठेवी. मुलगी मागायला जाताना घरचे लोक माझाच मध नेत. म्बुवीची बायको स्योम्बुआ म्हणायची, "घरात दोघं आहात. त्यातला कामाचा तो झाडावरचा."

मग कोळसा नेणारे ट्रक येऊ लागले. म्बुवीचा भाचा किलोंझी कुऱ्हाड घेऊन माळावर आला. पहिल्या वर्षी चौदा झाडे पडली, दुसऱ्या वर्षी एकतीस. म्बुवी रोज पाहत होता. ती झाडे कोणाचीच नव्हती, म्हणून तो गप्प राहिला. तिसऱ्या वर्षी माझे झाड एकटे उरले.

"मामा, तुमच्या झाडाला धक्का लावला नाही हं," किलोंझी म्हणाला.

"आणि माश्यांनी बसायचं कुठं? तुझ्या कोळशाच्या पोत्यांवर?"

"खूण एकाच झाडावर होती. बाकीची राहू दे, असं तुम्ही कधी म्हणालात?"



फुलेच नव्हती. एका सकाळी माश्या उठल्या आणि गेल्या. त्यानंतरच्या शांततेची मला अजून सवय झालेली नाही. वारा एका झाकणाच्या फटीतून येतो आणि दुसऱ्या फटीतून जातो. सुरुवातीला म्बुवी यायचा, मला कान लावायचा आणि उतरायचा. पुढे तोही येईनासा झाला.

यंदाच्या कोरड्या दिवसांत तो पुन्हा आला, तो मला उतरवायला. चुलीत घालायला काटकी उरली नव्हती. त्याने गाठ सैल केली, तेवढ्यात खालून स्योम्बुआ म्हणाली, "तो उतरला की खूणही उतरली. संध्याकाळपर्यंत किलोंझी झाड आडवं करील. मग उद्या काय जाळशील, मला?"

"तुला पेटायला वेळ लागत नाही," म्बुवी म्हणाला. पण गाठ त्याने पुन्हा आवळली.

दुसऱ्या दिवशी तो माळभर फिरला. अकरा खुंटांना कोवळे फुटवे आले होते. त्याने लाकडाच्या चिपांवर खूण डागून त्या प्रत्येकाला बांधल्या आणि शेळ्यांपासून राखायला भोवती काटे रचले.

किलोंझी हसला. "मामा, बोटाएवढ्या फांदीवर माशी बसणार?"

"बसेल. तू तेवढा बसू नकोस."

फुटवे आता गुडघ्याएवढे झाले आहेत. परवा एक माशी आली, माझ्या तोंडाशी फिरली, आत डोकावली आणि परत गेली. तिचा राग आला नाही. तिला रानभर फुले लागतात, आणि माझ्याजवळ एकच झाड आहे.

मित्रांनो, आपल्या अंगणातले झाड सगळेच जपतात. म्बुवीनेही आपले झाड जपले होते. तुम्ही मात्र जे झाड कोणाचेच नाही, त्याच्यासाठी बोला. ते उभे असतानाच बोला.