डाव्या हाताचा घुम

"कणीक नाई आणली?" ताराचंद शेटनं विचारलं.

"नाई ना जी," डोमाजी मृदंग मांडीवरून खाली ठेवत म्हणाला. "घरीच राह्यली. अन् कणकीबिगर डावी पुडी बोलत नाई. भोंग्याची मशीन तुमी अशीच दाखवा गुरुजीले."

राहिली कसली! निघताना बायकोनं, यशोदाबाईनं, पिठाची पुरचुंडी हातात दिली होती. ती यानं मुद्दाम कोनाड्यात सारून ठेवली होती. मृदंगाच्या डाव्या पुडीवर भिजवलेल्या कणकेचा गोळा थापल्याशिवाय तो घुमत नाही, हे त्याच्या हिंगणी गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. कणीक नाही म्हणजे वाजवणं नाही, आणि वाजवणं नाही म्हणजे कुणाला काही कळणं नाही. डोमाजीनं वाटभर हाच विचार करून स्वतःची समजूत घातली होती.

पण वर्ध्याच्या व्यापाऱ्याशी गाठ होती. दुकान खाली आणि बिऱ्हाड वर. शेटनं जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "अजी, थोडा गूंधा हुआ आटा भेजो!"

"अभी किसको भूख लगी?" वरून कमलाबाईंचा आवाज आला.

"मृदंग को!"

वर हसू फुटलं आणि पितळी वाटीतून कणकेचा चांगला लिंबाएवढा गोळा खाली आला. भजनी मंडळाचे चिटणीस अच्युत गुरुजी खूश झाले. "पाहा डोमाजी, देवालाच काळजी," ते म्हणाले. डोमाजीनं देवाला मनातल्या मनात जे म्हटलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दत्तजयंतीचा सप्ताह तोंडावर आला होता. दरवर्षी भोंगा भाड्यानं आणायचा, तो ऐन काल्याच्या दिवशी बिघडायचा, म्हणून गावानं या वर्षी वर्गणी करून मंडळाचा स्वतःचाच घ्यायचं ठरवलं होतं. नुकताच सगळा जिल्हा मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात जाऊन बसला होता. शेटच्या पाटीवर मात्र अजून जुनंच राज्य चालू होतं. त्या पाटीखाली भोंगे, मशिनी आणि लाकडी पेट्या मांडून शेट गिऱ्हाइकाची वाट पाहत असत. पारख करायला मृदंग हवाच, असा गुरुजींचा आग्रह. टाळ काय, कुठल्याही डबड्यातून वाजतो.

डोमाजी वाजवणं टाळत होता तो वेगळ्याच कारणानं. पावसाळ्यात त्याला ताप आला, तो गेला. पण जाताना डाव्या बोटांत मुंग्या सोडून गेला. त्याही यथावकाश गेल्या. मग यंदा पहिल्यांदाच गोकुळाष्टमीलाही भाड्याचा भोंगा लागला. बायकांच्या रांगेत, पार मागं बसलेली यशोदाबाई घरी आल्यावर सहज म्हणाली, "अवंदा तुमचा डावा आयकू नाई आला जी." एवढंच. म्हणाली आणि दिवा मालवून झोपली. डोमाजी मात्र आढ्याकडे बघत जागा राहिला.

कारण त्याच्या बापाचं असंच झालं होतं. तोही मृदंग वाजवायचा. आधी लोकांना त्याचा डावा ऐकू येईनासा झाला. बाप शपथेवर सांगायचा, मले तं चांगला आयकू येते. पुढल्या पोळ्याला हात खांद्यापासून लोंबायला लागला, आणि बाप गेला तो दुसऱ्याच्या हातचे घास खात गेला. तेव्हा आपल्या कानाला काय वाटतं याला काही अर्थ नाही, हे डोमाजी बापाकडूनच शिकला होता. अष्टमीपासून त्यानं मृदंगाला हात लावला नव्हता. कधी कापसाची वेचणी आडवी आली, कधी बैल. मंडळात कुणी काही विचारलं नाही, आणि कुणी विचारत नाही याचीच त्याला जास्त भीती वाटायची. यशोदाबाईपाशी तर त्यानं चकार शब्द काढला नव्हता.

आता सुटका नव्हती. त्यानं कणीक पाण्यानं मऊ केली आणि पुडीवर थापली. शेटनं बॅटरीवर चालणारं लहान मशीन सुरू केलं, ते तापेपर्यंत माईक मृदंगासमोर आणला आणि भोंग्याचं तोंड रस्त्याकडे वळवलं. गुरुजी रस्ता ओलांडून समोरच्या सरकीच्या दुकानापाशी जाऊन उभे राहिले.

"वाजवा!" शेट म्हणाले.

डोमाजीनं भजनी ठेका धरला. भोंगा असा कडाडला की बाजाराकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांचे बैल कान टवकारून थबकले. गाडीवाल्यांनी शिव्या घातल्या. थोड्या वेळानं गुरुजी परत आले.

"शब्द न् शब्द मोकळा येईल यातून," ते म्हणाले. "उजवा तर कानात टोचतो."

"अन् डावा?" डोमाजीनं मृदंगाकडेच बघत विचारलं.

गुरुजी खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. "डावा नाही आला," ते म्हणाले.

डोमाजीनं डाव्या हाताची मूठ वळून उघडली, पुन्हा वळली. बापही असंच करत बसायचा.

"ठैरा, ठैरा," म्हणत शेटनं कोपऱ्यातली पेटी ओढली. चांगली धान्याच्या कोठीएवढी सागवानी पेटी, पुढं जाड कापड, आणि कापडामागं परातीसारखा गोल कागदी पडदा. भिंतीतल्या विजेवर चालणारं मोठं मशीन त्यांनी तिला जोडलं. "भोंगा दूर फेकते, पेटी जवळ भरते. आता वाजवा."

गुरुजी पुन्हा रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले. डोमाजीनं वाजवलं, आणि पेटीतून घुम निघाला. खोल, गोल, ओटीवरच्या फळीतून थेट बुडाखाली पोचणारा. सरकीच्या दुकानातला मालक तराजू धरून बघतच राहिला.

"आला! आला!" गुरुजी रस्त्यापलीकडून दोन्ही हात वर करून ओरडले.

शेट हसले, गुरुजी हसले. डोमाजीला हसू येईना. मशीन लहानाचं मोठं करतं, हे शेटच मघापासून सांगत होते. मग या पेटीनं कुणाच्याही मेलेल्या हातात जीव घातला असता. अशी दिलदार पेटी घरी थोडीच मिळणार होती? आणि त्याला एकाएकी वाटलं, आता पुरे. काय असेल ते आजच कळू दे. तीन महिने रोज थोडं थोडं मरण्यापेक्षा ते बरं.

"शेट," तो म्हणाला, "मशीन बंद करा."

"काऊन?"

"बंद करा जी. बिनमशीनचं वाजवतो. गुरुजी, तुमी तिकडंच राहा! पाठ करून उभे राहा!"

गुरुजींना काही कळलं नाही, पण ते पाठ करून उभे राहिले. शेटनं बटण खाली केलं. डोमाजीनं कणीक पुन्हा दाबून बसवली, डोळे मिटले आणि डाव्या पंजाची थाप दिली. मग दुसरी. मग सगळा ठेका. रस्त्यावर गाड्यांचा खडखडाट चालूच होता, आणि त्याला खरोखरच आपल्या कानांवर भरवसा ठेवायचा नव्हता. तो फक्त वाजवत राहिला.

हाक आली नाही. त्यानं डोळे उघडले तर गुरुजी रस्ता ओलांडून येत होते, एक हात छातीवर ठेवून.

"डोमाजी," ते म्हणाले, "पेटीपेक्षा गोड. इथं, छातीत येऊन लागतो. पूर्वीसारखाच."

"आयकू आला? पक्का?"

"अहो, पाठ असून आला!"

डोमाजी हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं, आणि ते पुसायलाही त्यानं डावाच हात वापरला, त्यामुळे मिशीला कणीक लागली. शेटना वाटलं, हिंगणीची माणसं जरा हळवीच.

"मंग भोंग्यात काऊन नाई आला?" त्यानं नाक ओढत विचारलं.

"भोंग्यात घुम मावतच नाई, भाऊ. कोणाचाबी मृदंग लावा," शेट म्हणाले.

"हे आंधी काऊन नाई सांगतलं?"

"आंधी विचारलं कोनं?"

गुरुजींचं मन एव्हाना पेटीवर बसलं होतं. गावात वीज नाही, पेटी बैलगाडीत धक्के खात यायची, हे सगळं शेटनं समजावलं तरी ते तिच्या कापडावरून हात फिरवत होते. "पण भोंगा घेतला तर तुमचा डावा दबेल, डोमाजी. मंडळाचा निम्मा जीव त्यात आहे."

"भोंगाच घ्या जी," डोमाजी म्हणाला. सकाळी हाच माणूस कणीक लपवून आला होता हे कुणाला खरं वाटलं नसतं, इतका त्याचा आवाज मोकळा होता. "नाल्यापलीकडच्या लोकायनं वर्गणी देली. त्याइले अभंग आयकू गेला पाह्यजे. माहा डावा माह्यापाशी आहे ना!"

तिन्हीसांजेला तो घरी पोचला. यशोदाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. कोनाड्यातली पुरचुंडी तिनं काढून डब्यात रिकामी केली होती. डोमाजी पाटावर बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. ताप, मुंग्या, बाप, तिचं ते अष्टमीचं बोलणं, रस्त्यापलीकडे पाठ करून उभे राहिलेले गुरुजी. बोलताना तो जरा लाजला. इतका मोठा माणूस आणि तीन महिने भ्यालेला.

यशोदाबाईनं तव्यावरची भाकर उलटवली.

"मले मालूम आहे," ती म्हणाली.

"काय मालूम आहे?"

"त्या रात्री बोलून गेली अन् मंग मामाजीची, तुमच्या बाबाची, याद आली मले. तवापासून तुमाले पाण्याचा लोटा डाव्या बाजूनं देऊन राह्यली मी. भरून, काठोकाठ. तुमी डाव्या हातानं घेत गेले. एक थेंब नाई सांडला."

डोमाजीनं आधी लोट्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. एवढे दिवस रोज दोन वेळा आपली पारख चालली होती, आणि आपण मुकाट्यानं पाणी पीत होतो!

"मले काऊन नाई सांगतलं मंग?"

"तुमी तरी कुठी सांगतलं?"

"अन् सांडला असता तं?"

"तं सारवून घेतलं असतं," यशोदाबाई म्हणाली.

तिनं पदरानं तोंड पुसलं, मडक्यातून लोटा भरला, आणि या वेळी तो त्याच्या उजव्या हाताशी नेऊन ठेवला.