पहिल्या रांगेतली सीट

बाबुलाल खोब्रागडेला इश्वर बोंदरेचं काहीच बघवत नसे, आणि इश्वरशिवाय त्याला एक दिवस करमतही नसे. जवाहरनगरच्या फॅक्टरीत दोघं एकाच दिवशी लागले, बत्तीस वर्षं एकाच बसने गेले-आले आणि निवृत्त झाल्यावर जवळच्याच ठाणा गावात एका ओळीत घरं बांधून बसले. इश्वरच्या घरावर मजला चढला, बाबुलालच्या चढला नाही. इश्वरची पोरगी गुंजन पुण्याला कंपनीत, बाबुलालची प्रतिक्षा कोंढा गावच्या शाळेत शिक्षिका. आता शिक्षिका असण्यात कमीपणा कसला? पण इश्वर कट्ट्यावर बसून "गुंजननं पुन्हा विमानाचं तिकीट पाठवलं" असं म्हणाला, की बाबुलालला हातातला चहा कडू लागायचा. तो कप तसाच ठेवून घरी यायचा आणि बायकोवर, वच्छलावर, विनाकारण डाफरायचा.

एका गोष्टीत मात्र बाबुलाल पुढे होता, आणि ती म्हणजे त्याचे पाय. सकाळी दोघं फिरायला निघायचे. फॅक्टरीच्या क्वार्टरच्या भिंतीपर्यंत गप्पा मारत सोबत जायचे आणि तिथून बाबुलाल जो सुटायचा तो थेट हमरस्त्यालाच थांबायचा. मग कमरेवर हात ठेवून, घाम पुसत येणाऱ्या इश्वरची वाट बघायचा. दिवसभरात इश्वरकडे असं मागे वळून बघायची ही एवढीच संधी त्याला मिळायची, आणि ती तो कधी सोडत नसे.

त्या वर्षी पासष्टीच्या पुढच्यांसाठी चालण्याची स्पर्धा झाली. जिल्ह्यात बाबुलाल पहिला आला, इश्वर दुसरा. बंगळुरूच्या मोठ्या स्पर्धेला प्रत्येक जिल्ह्यातून एकच जण उतरणार होता, तेव्हा बाबुलालचं नाव गेलं. इश्वर राखीव. बाबुलालला काही झालं तरच त्याने चालायचं. राखीव हा शब्द बाबुलालला इतका आवडला, की महिनाभर त्याने तो जमेल तिथे वापरला. "राखीव म्हणून इश्वर येऊन राहिला ना सोबत," असं तो दूधवाल्यालाही सांगून आला.

पण नागपूरच्या विमानतळावर पाय ठेवला आणि सगळं उलटं झालं. बाबुलालचा हा पहिला विमानप्रवास, इश्वरचा सहावा.

"बेल्ट काढ. घड्याळ बी काढ. पाण्याची बाटली पिऊन टाक, नाही तं फेकाले लावतीन," इश्वर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होता. "अरे, मोबाईल खिशात काहून ठेवला? ट्रेमधी टाक ना."

मागे उभी असलेली दोन कॉलेजची पोरं हसली. जिल्ह्याचा पहिला नंबर एका हाताने पँट धरून उभा होता, आणि राखीव त्याला शिकवत होता. बाबुलालच्या अंगाचा तिळपापड झाला, पण बोलायची सोय नव्हती, कारण इश्वर सांगत होता ते सगळं बरोबर निघत होतं.

विमानाच्या दारापाशी जाऊन बसले तेव्हा त्याने सहज विचारल्यासारखं करून इश्वरची सीट विचारली.

"पहिली रांग," इश्वर म्हणाला. "गुंजननं बदलून घेतली. मी म्हटलं कायले, तं म्हणे बाबा, पाय लांब करता येते. अन् आत बी पहिल्यांदा सोडते. तुही कोणती?"

बाबुलालची सत्ताविसावी होती, तीही दोघांच्या मधली. त्यांना घेऊन निघालेले प्रविण सर म्हणजे जिल्ह्याच्या संघाचे व्यवस्थापक. क्रीडाशिक्षक, पोरगेलासा माणूस. त्यांची अठ्ठाविसावी. म्हणजे साहेब लोकांची सीट मागे, स्पर्धकाची मागे, आणि राखीव पहिल्या रांगेत.

घोषणा झाली आणि सगळे एकदम उठले. ज्यांना अजून बोलावलं नव्हतं तेही उठले. रांगेत एका बाईची बॅग बाबुलालच्या टाचेवर दोनदा आदळली आणि दोन्ही वेळा तिने त्याच्याकडेच रागाने बघितलं. पुढचा एक जाडजूड माणूस कोपरं बाहेर काढून उभा होता, कोणी बाजूने निसटेल म्हणून. सीट नंबर ठरलेला, विमान कुणाला सोडून जाणार नाही, तरी सगळे असे रेटत होते, की जणू आत पंगत बसलीय आणि बुंदी संपत आलीय. शेजारी दुसरी एक रांग होती, तीन-चार माणसांची. तिच्यात इश्वर निवांत उभा होता. त्याने बाबुलालला हात केला.

तो हात बाबुलालला झोंबला. इश्वरने साधाच हात केला होता, हे आम्ही सांगतो. बाबुलालला मात्र त्यात मजला, गुंजन आणि सहाही विमानं दिसली.

तेवढ्यात त्या छोट्या रांगेच्याही पुढून, चाकाच्या खुर्चीत बसलेल्या एका आजीला आत नेलं. सगळ्यांच्या आधी. रांगेतली माणसं बाजूला झाली, कुणी कुरकुरलं नाही, इश्वरही दोन पावलं मागे सरला. बाबुलालने ते बघितलं, आणि त्याच्या डोक्यात जे यायला नको होतं ते आलं.

तो रांग सोडून काउंटरवरच्या मुलीकडे गेला, आणि जाता जाता उजवा पाय ओढायला लागला.

"पोरी, पाय मुरगळला वो माहा. उभं राहवत नाही."

मुलगी भली होती. तिने वय बघितलं, चेहरा बघितला आणि लगेच खुर्ची मागवली. दोन मिनिटांत बाबुलाल खुर्चीत बसून, बॅग मांडीवर घेऊन, इश्वरच्या शेजारून पुढे गेला. जाताना त्याने मुद्दाम मान वळवली. इश्वरचं तोंड उघडंच राहिलं होतं. इतक्या वर्षांत बाबुलालने असं सुख कधी भोगलं नव्हतं.

ते सुख विमानाच्या दारापर्यंतच टिकलं. तो आत जाऊन उभा राहतोय तोच इश्वर धापा टाकत मागे पोचला.

"बाबू, काय झालं बे? कुठं मुरगळला? इथं बस. इथं," म्हणून त्याने बाबुलालला खांद्याला धरून पहिल्या रांगेत, खिडकीपाशी बसवलं. "पाय लांब कर. मी जातो तुह्या सीटवर." हवाई सुंदरीने मान डोलावली. इश्वरने स्वतःच बाबुलालची बॅग वर ठेवली, पट्टा बांधून दिला आणि तो मागे निघून गेला.

झालं. खिडकी मिळाली, पहिली रांग मिळाली, पाय लांब करायला जागा मिळाली. मग सगळं विमान बाबुलालच्या समोरून आत जायला लागलं. जाडजूड माणूस, टाचेवर बॅग आदळणारी बाई, हसणारी पोरं. प्रत्येक जण त्याच्या लांब केलेल्या पायाकडे बघत होता. त्या बाईने तर "बसा, बसा, आजोबा," असंही म्हटलं.

शेवटी प्रविण सर आले आणि त्याला बघून थबकले.

"काकाजी, गेटवर समजलं मले. लई दुखून राहिलं काय?"

खरं सांगायला तेवढा एक क्षण पुरेसा होता. पण सरांच्या मागे माणसं खोळंबली होती, कोणीतरी "चला ना पुढे" म्हणालं, आणि बाबुलालच्या तोंडून "थोडंसं" एवढंच निघालं.

"नाही, नाही. या वयात रिस्क नको. उद्या इश्वरकाका चालतीन. तुम्ही आराम करा," सर म्हणाले आणि मागे सरकले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. विमान उडालं, खाली नागपूर लहान झालं, ढग आले. बाबुलालने खिडकीतून एकदाही धड बघितलं नाही. उद्या इश्वर चालणार. जिल्ह्याचं नाव लिहिलेला बनियन इश्वर घालणार. कदाचित नंबरही काढेल आणि मग कट्ट्यावर मजला, गुंजन, विमान आणि पाय, चारही त्याचेच. इश्वरच्या पुढे असण्याची एकुलती एक जागा बाबुलालने दोन तासांच्या सीटसाठी देऊन टाकली होती. उतरल्यावर सरांना सांगावं, पाय बरा झाला म्हणून? इतक्यात कसा बरा झाला, असं कोणीही विचारलं असतं.

विमान उतरलं. खुर्चीवाल्यांनी सगळ्यात शेवटी उतरायचं, हे बाबुलालला माहीत नव्हतं. पुन्हा अख्खं विमान त्याच्या समोरून गेलं. प्रविण सर सामान बघायला पुढे गेले. शेवटी इश्वर आला. त्याने वरून बाबुलालची बॅग काढली, स्वतःची खांद्याला होतीच, आणि शेजारच्या रिकाम्या सीटवर बसला. खुर्ची यायला वेळ होता.

"बाबू, एक सांगतो, रागावजो नोको," इश्वर खाली बघत म्हणाला. "सकाळी तू पुढं चालते ना, तं मी मागून तुह्या पायाइकडेच पाहत राहतो. किती वर्षं झाले. मनात म्हणतो, एखाद्या दिवशी याचा पाय मुरगळो. एकदाच. काल बॅग भरता भरता बी म्हटलं."

बाबुलालने खिडकीकडची मान त्याच्याकडे वळवली.

"आज तुले खुर्चीत पाहिलं अन् वाटलं, माहीच नजर लागली तुले. तुह्या घरी नजर-बिजर मानत नाही, मले माहीत आहे. पण माह्याच्यानं त्या सीटवर बसवलंच नसतं. सरले मी आताच सांगून आलो, मी बी चालत नाही उद्या. अशानं भेटलेलं मले नाही पाहिजे."

बाबुलालच्या छातीत काहीतरी गोड पसरत गेलं. खोटं कशाला बोला, त्याला आनंद झाला. ज्याच्यावर आपण जन्मभर जळलो तो आपल्यावर जळत होता. मजला चढवूनही जळत होता, विमानात बसूनही जळत होता. इश्वरने हे अजून थोडं बोलावं, पुन्हा एकदा सांगावं, असं त्याला वाटत होतं. मग इश्वरने वर बघितलं, तर त्याचे डोळे लाल झाले होते.

"माह्या पायाले काही नाही झालं," बाबुलाल म्हणाला.

इश्वरला कळलं नाही.

"नाटक केलं मी. तू माह्या आधी आत जाऊन राहिला होता, मले पाहवलं नाही."

इश्वरने त्या लांब केलेल्या पायाकडे बघितलं. मग मांडीवरची बाबुलालची बॅग त्याने हळूच सीटवर ठेवली.

"मंग मले बोलू काहून दिलं?" त्याने विचारलं.

याचं खरं उत्तर सांगण्यासारखं नव्हतं. पहिल्याच वाक्याला त्याला थांबवता आलं असतं. ऐकायला बरं वाटत होतं म्हणून त्याने थांबवलं नाही.

इश्वर उठला आणि दाराबाहेर पडला. खुर्ची घेऊन आलेला माणूस "बैठिए अंकल" म्हणत होता. बाबुलाल त्याच्या शेजारून, बॅग उचलून, धड दोन्ही पायांवर बाहेर आला. समोरच्या लांबलचक बोळातून इश्वर एकटा चालला होता. त्याला गाठणं बाबुलालला काहीच अवघड नव्हतं, वीस-पंचवीस पावलांचं काम. पण तो मुद्दाम हळू चालत मागेच राहिला, कारण पुढे जाऊन इश्वरचं तोंड बघायची त्याची छाती नव्हती.