आषाढाआधीची सही

जयनगरातल्या अंबुबाईंच्या घरी सकाळ सव्वापाचला सुरू होई. आधी मागच्या अंगाचा लोखंडी जिना हलकेच वाजे. वरच्या खोलीत भाड्याने राहणारा महांतेश अंबुबाईंची झोप मोडू नये म्हणून बूट हातात घेऊन तेरा पायऱ्या उतरे, शेवटच्या पायरीवर बसून बूट घाली आणि बोम्मसंद्र्याच्या कारखान्याकडे जाणारी बस गाठायला निघे. साडेपाचला त्याची बायको भाग्यलक्ष्मी उतरे. फाटकाला अडकवलेल्या पिशवीतून दुधाच्या दोन पिशव्या काढी, एक स्वतःची आणि एक अंबुबाईंची. अंगणात पाणी शिंपडून लहानशी रांगोळी काढी, स्वयंपाकघराच्या दारावर दोन टिचक्या मारी आणि अंबुबाईंनी कडी काढली की दूध तापत ठेवून कॉफीच्या फिल्टरमध्ये गरम पाणी ओती. हे काम तिने करायचे असे कधी ठरले नव्हते. चार वर्षांपूर्वी अंबुबाईंची कंबर धरली तेव्हा आठवडाभर भाग्याने दूध आत आणून दिले. कंबर सुटली, तरी दूध येतच राहिले.

पावणेसहाला दोघी मागच्या ओट्यावर बसून कॉफी पीत. फारसे बोलणे होत नसे. नळाला आज पाणी येणार की नाही, समोरच्यांच्या मांजरीने कुठे पिल्ले घातली, एवढेच. सत्तरी ओलांडलेल्या, यजमानांच्या मागे अकरा वर्षे एकट्या राहिलेल्या आणि मूलबाळ नसलेल्या अंबुबाईंना दिवसातली ही पंधरा मिनिटे पुरत असत.

तीन आठवड्यांपूर्वी याच ओट्यावर भाग्याने सांगितले होते की त्यांना बोम्मसंद्र्याला तळमजल्यावर दोन खोल्यांचे घर मिळते आहे. महांतेशची आई तानूबाई निपाणीजवळच्या गावी एकटी पडली होती. धाकटा मुलगा बायकोला घेऊन पुण्याला गेला होता. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. तेरा पायऱ्यांचा हा अरुंद जिना तिला चढता येणार नव्हता, आणि वरच्या एका खोलीत तिघांना जागाही नव्हती.

अडचण होती ती अडव्हान्सची, म्हणजे घरमालकाकडे ठेवायच्या अनामत रकमेची. नव्या मालकाला पन्नास हजार आधी हवे होते. जुन्या घरात अडकलेले पन्नास हजार मात्र घर रिकामे केल्यावरच परत मिळायचे, बेंगळुरूच्या रिवाजाप्रमाणे एका महिन्याचे भाडे रंगासाठी कापून. या दोन घरांच्या मधल्या चार दिवसांत अडकलेल्या भाडेकरूंसाठी चिकपेटेतल्या मराठी समाजाने एक निधी काढला होता. व्याज नाही, तारण नाही, पगाराची चिठ्ठीही नाही. अडव्हान्सचे पैसे आणि टेम्पोचा खर्च निधी देई. टेम्पोचे पैसे भाडेकरू हप्त्याहप्त्याने फेडी. अडव्हान्सपुरता मात्र एकच कागद लागे: जुन्या घरमालकाने लिहून द्यायचे की, ‘घर सोडल्यावर अडव्हान्स मी थेट निधीत भरीन.’ त्या एका सहीवर सारे चाले.

ती सही अंबुबाईंची हवी होती.

शुक्रवारी दहा वाजता निधीचे चिटणीस विश्वासराव फाटकापाशी येऊन उभे राहिले. बँकेतून निवृत्त झालेला हा गृहस्थ जवळच राहत असे आणि अंबुबाईंच्या यजमानांचा जुना स्नेही होता. या आठवड्यातली ही त्यांची तिसरी खेप.

“अंबक्का, सोमवारी तुमचा चष्मा हरवला होता,” खुर्चीत बसत ते म्हणाले. “मंगळवारी मंगळवार होता. आज काय आहे?”

“आज शुक्रवार आहे, अण्णा. शुक्रवारी आमच्याकडे घरातून पैसा बाहेर देत नाहीत. सासूबाईंपासूनची रीत आहे.”

“पैसा कोण मागतंय? मी सही मागतोय.”

“सही पैशाचीच ना?”

विश्वासराव हसले. “वहिवाट सांभाळावी ती तुम्ही. पण माझंही स्वल्प ऐका. निधीची कचेरी आठवड्यातून एकदा, शुक्रवारीच उघडते, पाचपर्यंत. सोमवारी आषाढ लागतो. आषाढात या गावात कोणी घर बदलत नाही, म्हणून तो नवा मालक रविवारपर्यंतच थांबलाय. नाहीतर त्याचं घर महिनाभर रिकामं राहील. त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.”

“मग श्रावणात दुसरं घर बघतील. बेंगळुरात घरांना काय तोटा?”

“तळमजल्यावर, त्या भाड्यात? बघा बाई.” ते उठले. “कागद कॅलेंडरच्या मागे खोचून ठेवतो. चष्मा सापडलाच, तर फोन करा.”

चष्मा सोमवारीही तांदळाच्या डब्यावर, रोजच्या जागीच होता. हे विश्वासरावांना ठाऊक होते आणि त्यांना ते ठाऊक आहे हे अंबुबाईंनाही ठाऊक होते. भाग्याने तर तो चष्मा सोमवारी दुपारी पुसून पुन्हा तिथेच ठेवला होता.

दुपारी भाग्याने रोजच्यासारखी गरम भाकरी आणि वाटीभर आमटी झाकून आणून दिली. जेवण झाल्यावर अंबुबाई स्वयंपाकघरातच पाटावर टेकल्या. खिडकीबाहेर जिन्याच्या खालच्या पायरीवर भाग्या मेथी निवडत बसली होती. हात मातीचे होते म्हणून फोन तिने शेजारी ठेवून मोठ्या आवाजावर लावला होता. पलीकडे तिची सासू होती.

“जेवलासा काय, आत्या?”

“जेवलो की. कालची भाकरी हुती, दुधात कुस्करली.”

“आज केला न्हाईसा?”

“एकट्या जिवाला रोज काय करायचं? दोन दिवसांचं एकदम थापून ठेवतो. उभं ऱ्हावत न्हाई गं फार वेळ. ते असू दे. घराचं काय झालं?”

मेथीच्या काड्या तुटण्याचा आवाज येत राहिला.

“अज्जींची सही ऱ्हायलीय. श्रावणात बघू की, आत्या.”

“त्यास्नी काय अडचण हाय काय? भाडं थकलंय?”

“न्हाई. त्यांचं हितं कोण न्हाई. मी जाणार म्हटल्यापासनं त्या नीट जेवत न्हाईत. मला कळतंय. म्हणून मी मागत न्हाई.”

अंबुबाईंना वाटले, आता पलीकडून राग येईल. सुनेला चार शब्द ऐकवले जातील, आणि ते ऐकल्यावर स्वतःचे मन घट्ट करणे सोपे जाईल.

“मग घाई करू नगंस,” तानूबाई म्हणाली. “म्हाताऱ्या माणसाला एकटं टाकून येऊ नगंस. मला काय, सवय झाली. महांतेशला सांग, डोक्यात राख घालून घेऊ नको म्हणावं. आनी हे बघ, त्या अज्जीस्नी मऊ भात देत जा. दात हायत न्हवं?”

“हायत,” भाग्या हसली. “तुमच्यापेक्षा जास्त हायत.”

अंबुबाईंच्या ताटाच्या कडेला भाकरीचा चतकोर तुकडा उरला होता. तो अजून मऊ होता. त्यांनी तो उचलून खाल्ला, ताट घासून पालथे घातले आणि तांदळाच्या डब्यावरून चष्मा घेतला.

कागदावर विश्वासरावांनी मजकूर आधीच लिहिला होता: ‘रंगाचे एक महिन्याचे भाडे वजा जाता, उरलेली रक्कम.’ अंबुबाईंनी तो दोनदा वाचला. वरच्या खोलीच्या भिंती त्यांनी परवाच पाहिल्या होत्या. देवाच्या कोनाड्यापाशी तेलाचा एक डाग होता, तेवढाच. त्यांनी ‘उरलेली’पर्यंतचे शब्द एका सरळ रेघेने खोडले, वर ‘पूर्ण’ असे लिहिले, खाडाखोडीशेजारी आद्याक्षर घातले आणि खाली पूर्ण नावाने सही केली. अडव्हान्सची रक्कम चार वर्षांपासून बँकेत मुदतीने ठेवलेली होती. तिचा प्रश्न कधी नव्हताच.

फोन करण्याऐवजी त्यांनी पातळ बदलले. फोन केला असता, तर विश्वासरावांनी कागद न्यायला येऊन कौतुक केले असते आणि भाग्याने वर ते ऐकले असते.

मेट्रोच्या स्टेशनावर सरकत्या जिन्याची भीती वाटली, म्हणून लिफ्ट शोधण्यात पाच मिनिटे गेली. गाडीत एका मुलीने उठून “अज्जी, कूतकोळ्ळि” म्हणत जागा दिली. चिकपेटेत कापडाच्या गठ्ठ्यांतून वाट काढीत त्या समाजाच्या इमारतीपाशी पोचल्या तेव्हा चार वाजून चाळीस मिनिटे झाली होती. विश्वासराव टेबलावरचे शिक्के डब्यात भरीत होते.

त्यांनी आधी कागदाकडे आणि मग अंबुबाईंकडे पाहिले.

“अंबक्का, आज शुक्रवार.”

“ठाऊक आहे. शिक्का मारा.”

“हे रंगाचं खोडलंत?”

“भिंती चांगल्या आहेत.”

“पुढचा भाडेकरू आला की रंगवावं तर लागेलच.”

“अण्णा, पाच वाजतील.”

विश्वासरावांनी शिक्का बाहेर काढला. पावतीच्या वहीत महांतेशचे नाव घातले. चेक उद्या सकाळी आपण स्वतः बोम्मसंद्र्याला नेऊन देऊ, असे ते म्हणाले. “संध्याकाळी सात वाजता मी महांतेशला फोन करीन. काही सांगू?”

“कागद मिळाला म्हणून सांगा. मी आले होते ते नको.”

परतताना त्यांनी घराजवळच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून परकराच्या नाडीचे एक बंडल घेतले. त्यांना नाडीची गरज नव्हती.

घरी पोचल्या तेव्हा भाग्या अंगणात वाळलेले कपडे काढीत होती. अंबुबाईंचीही दोन पातळे तिच्या खांद्यावर होती.

“कुठं गेला हुतासा, अज्जी? न सांगता? मी दोनदा दार वाजवलं.”

“चिकपेटेला. नाडी आणायला.”

“नाडी? कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत न्हाई काय?”

“तिथली टिकत नाही,” अंबुबाई म्हणाल्या. त्यांनी बंडल उलगडून अर्धी नाडी तोडली आणि तिच्या हातात दिली. “तुझ्या सासूला होईल. आणि सकाळी मला मेथीची भाजी कशी परततेस ते दाखव. माझी कडू होते.”