लुगड्याचं लाल फडकं

फडकं माझ्याच लुगड्याचं होतं, हे आधी ऐका. मग कुनाला काय नावं ठेवायची ती ठेवा.

बाहत्तरच्या दुष्काळात आमी परळीजवळच्या रेल्वेच्या सायडिंगला कोळसा उतरवायला गेलतो. काम मजुरांच्या सोसायटीचं. वीजघराला कोळशाच्या वाघिणी यायच्या, त्या आमी फावड्यानं रिकाम्या करायच्या. मग शंटिंगचा जमादार राधाकिशन हिरवी झेंडी हलवायचा, इंजन रिकाम्या वाघिणी ढकलून न्यायचं अन् भरलेल्या आनून लावायचं.

चाकांमधी पडलेला कोळसा ओढायला मानूस खाली शिरायचा. त्याच्या आधी वाघिणीला लाल फडकं बांधायचं, अन् ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. फडकं दिसतंय तोवर राधाकिशन इंजन हलू द्यायचा न्हाई. जुन्या फडक्याच्या चिंध्या झाल्या, सोसायटी नवं देईना, म्हनून म्या माझ्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला. मालक हसले, "वाघिणीला लुगडं नेसवतीस व्हय गं?" मालक म्हंजी माझा नवरा, बंकट. आता घेते नाव, लाजायचं कुनाला?

त्यांची थोरली बहीन, वच्छलावन्स, हे घडलं त्याच सकाळी गावाकडून आल्या. तिकडं विहिरी कोरड्या पडल्यात्या. माझं तान्हं त्यांच्या वटीत टाकून म्या फावडं धरलं. सायडिंगचं त्यांना काहीच सांगितलं न्हाई कुनी.

पान्याचं तर बोलूच नका. डायवर इंजनातलं गरम पानी घागरीत सोडायचा, तेवढंच. वर तेलाचा तवंग अन् आत कोळशाची कनी. गाळल्याबिगर लेकराला कसं पाजावं? वन्सनी इकडं तिकडं पाहिलं. वाघिणीला माझ्या लुगड्याचा तुकडा दिसला. भावजयीनं वाळू घातला आसंल म्हनून सोडून घेतला.

मालक त्याच वाघिणीखाली होते.

राधाकिशननं पाहिलं, फडकं न्हाई. "हाय का रे कुनी खाली?" म्हनून हाळीबी दिली. इंजनाच्या फुसफुशीत कुनाला काय ऐकू येतंय! त्यानं झेंडी हलवली. वाघिणी एकमेकींवर आदळत गेल्या, अन् मला मालकांची किंकाळी ऐकू आली. एकच.

ओढून काढलं तवा जीव गेलता. मानसं राधाकिशनवर तुटून पडली. "भाड्या, झोपलातास का बे?" लई मारलं त्याला. तोंडातून रगत येत होतं तरी तो माझ्याकडंच बघत होता. "मनकर्णाबाई, फडकं न्हवतं. लेकरांची आन, न्हवतं."

मलाबी वाटलं, हानावा दगड. उचललाबी होता. मग वन्स दिसल्या. घागरीपाशी बसलेल्या, हातात वल्लं फडकं, काळं झालेलं. त्या फडक्याकडं बघत होत्या, रुळाकडं बघत होत्या. त्यांना कळलं होतं. बाई रडंना झाली.

म्या दगड टाकला. "सोडा त्याला," म्हनलं. "फडकं आमच्या घरच्यानंच काढलंय."

मारनारे बाजूला झाले. राधाकिशन तिथंच खाली बसला.

म्या वन्सच्या हातातनं फडकं घेतलं अन् घागर उचलली. वतूनच देनार होते सगळं, देवाशपथ. पन लेकरू रडून रडून निळं पडलंतं, अन् दुसरं पानी न्हवतं. गाळलेलं पानी तोवर निवलं होतं.

तेच पाजलं म्या त्याला. घटाघटा प्यालं.