नव्या तंगाचं माप

ताई घोडीवरून पडली. पण असं काही घडलेलं नाही, हे आमच्या घरात सर्वानुमते ठरलं आहे. तेव्हा ताई अजून उभीच आहे असं धरून चालू.

तर ताई तबेल्याच्या दारात उभी होती. घोडेस्वारी शिकवण्याची नोकरी तिला हवी होती आणि थोड्याच वेळात त्यासाठीची चाचणी होती. जुना तंग, म्हणजे घोडीच्या पोटाखालून जीन आवळून धरणारा पट्टा, सरळसोट होता. तो पुढच्या पायांमागे घासायचा आणि घोडी नेमकी अडथळ्यासमोर थबकायची. म्हणून मामांनी आपल्या जीन-लगामांच्या दुकानातून नवा आणला. छातीच्या हाडाखाली रुंद, कोपरांमागे आत वळलेला, घोडीच्या अंगाबरहुकूम बेतलेला.

"बघ, कोपरापासून चार बोटं मागे. दोन्हीकडची बकलं सारख्या उंचीला. कातडीला कुठे चुणी नाही. नवरदेवाचा सूटसुद्धा एवढा बसत नाही."

"आवळायचा किती?" ताईने विचारलं.

"ते घोडी सांगेल."

घोडी काही सांगेना. तंग दिसला की घोडे पोट फुगवतात. तेव्हाच आवळला, तर पुढे श्वास सुटल्यावर तंग ढिला पडतो आणि जीन स्वारासकट पोटाखाली जाते. यावर मामांचा घरगुती उपाय होता. तेही घोड्याबरोबर श्वास धरायचे. त्यांनी सोडला की घोडाही सोडायचा, मग ते पट्टा ओढायचे. आजवर एकाही घोड्याने त्यांना हरवलं नव्हतं.

मामांनी श्वास धरला. घोडीनेही धरला. मामा लाल झाले, मग जांभळे झाले. बाकीच्या घोड्यांनी चघळणं थांबवलं. घोडी शांतपणे ताईकडे बघत होती.

मामांनी भस्सकन श्वास सोडला आणि सवयीने पट्टा ओढून बकल लावलं.

"सोडला तिने," ते धापा टाकत म्हणाले.

"मामा, तुम्ही सोडलात. तिचं पोट तसंच आहे," मी म्हणालो.

"तू गप रे. तुझी स्वतःची पँट कमरेवर राहत नाही."

"बोटं घालून बघा तरी."

त्यांनी तंगाखाली बोटं घातली. "घट्ट आहे."

असणारच. आत घोडीपेक्षा हवा जास्त होती. मी तिच्या नाकपुड्यांपुढे तळवा धरला. काहीच लागलं नाही. एखाद्या बंद खोलीच्या दारापुढे धरावा तसं.

"ताई, दोन पावलं फिरवून आण तिला. परत आवळू."

"मामांचं कधी चुकलंय?"

"नाही ना. म्हणूनच भीती वाटते."

मामा जुना तंग गुंडाळत होते, पण कान इकडेच होते. त्यांच्यादेखत त्यांचं काम तपासायचं, हे ताईच्याने होईना. तिने हळूच म्हटलं, "राहू दे रे. म्हातारा रुसेल." आणि टोप चढवला.

मैदानावरून पुढच्या स्वाराला बोलावणं आलं. ताईने रिकिबीत पाय अडकवला. घोडीने कान मागे पाडले. पोट तसूभरही हललं नाही.

माणसं ऐकत नव्हती. मग मी घोडीसमोर सावधान उभा राहिलो आणि अर्ज तोंडीच सादर केला:

"माननीय महोदया, आपण रोखून धरलेला श्वास स्वार बसण्यापूर्वी विनाविलंब मोकळा करण्यात यावा. तसे करणे काही कारणाने शक्य नसल्यास, तो चाचणी पूर्ण होऊन स्वार सुखरूप खाली उतरेपर्यंत आहे त्याच स्थितीत कायम ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती."